क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) विमान रनवेवरून बाहेर जातं म्हंजे नक्की काय होतं? (लिटल रॉक, हॅम्बुर्ग आणि आपली मुंबई)

उनाडवारा

२१ जुलै २०२५ ला कोचीहून आलेलं एअर इंडियाचं ए३२० मुंबईत मुसळधार पावसात उतरताना रनवे सोडून बाहेर गेलं. इंजिनाच्या कव्हरला गवत-चिखल लागलेले फोटो तुम्ही पाहिले असतीलच. कोणाला इजा झाली नाही हे मोठं नशीब. पण तेव्हापासून असं कुठेही काही झालं की ग्रुपवर लगेच सुरू होतं, वारा होता हो, वाऱ्याने ढकललं, पायलट तरी काय करणार. नाहीतर एकदम दुसरं टोक, पायलटला येतच नव्हतं. मला हे दोन्ही पटत नाही म्हणून धागा काढतोय. मुंबईच्या घटनेवर इथे तर्क लढवत नाही, जिचा चौकशी रिपोर्ट पूर्ण येऊन सगळ्यांना वाचायला मिळालाय अशी घटना घेतो. थोडं लांबेल.

१ जून १९९९. अमेरिकन एअरलाइन्सची फ्लाइट १४२०, डॅलस-फोर्ट वर्थहून लिटल रॉक, अर्कान्सा. विमान एमडी-८२, ते लांबुडकं, दोन्ही इंजिनं शेपटीजवळ असतात ते. १३९ प्रवासी, ६ क्रू. डॅलसला येणारं विमानच उशिरा आलं त्यामुळे निघायला दोन तास उशीर, रात्री पावणेअकराच्या सुमाराला उडालं. क्रूच्या ड्युटीचे चौदा तास संपत आले होते, अजून थोडं रखडलं असतं तर त्यांना ती फ्लाइट नेताच आली नसती. कॅप्टन म्हंजे शिकागो बेसचे चीफ पायलट, दहा हजारांवर तास उडवलेला माणूस. फर्स्ट ऑफिसर, म्हंजे सहवैमानिक, त्या कंपनीत नवीन, वर्षही झालं नव्हतं. उतरायच्या वेळेपर्यंत दोघंही सोळा तास सलग जागे.

लिटल रॉकवर वादळ चालून येत होतं आणि क्रूचा हिशोब असा की आपण त्याच्या आधी पोचू. आधी रनवे २२ लेफ्टवर (आकडा म्हंजे रनवेची दिशा, दहाने भागलेली) उतरायचं ठरलं होतं, मग वारा फिरला म्हणून ४ राइट घेतला. पट्टी तीच, फक्त उलट्या टोकाकडून यायचं, त्यामुळे वळसा घालावा लागला आणि जी मिनिटं वाचवायची होती तीच गेली. पाऊस सुरू, दिसणं कमी, टॉवरकडून वाऱ्याचे आकडे दर थोड्या वेळाने बदलत येतायत. त्यातला एक आकडा होता ३५० अंशातून ३० नॉट (एक नॉट म्हंजे ताशी १.८५ किमी), झुळका ४५ पर्यंत. आता रनवेची दिशा ४० अंश, म्हंजे वारा डावीकडून ५० अंशांच्या कोनात. गणित केलं तर आडवा भाग साधारण २३ नॉट आणि झुळकेत ३४. कंपनीची ओल्या रनवेवर आणि अंधुक दिसत असतानाची मर्यादा होती २० नॉट. म्हंजे नुसत्या आकड्यांवरसुद्धा तिथे उतरायचं नव्हतं.

आणि इथेच ती गोष्ट झाली जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. या सगळ्या गडबडीत स्पॉयलरचा लिव्हर आर्म करायचा, म्हंजे ते टेकल्यावर आपोआप उघडतील असा सज्ज करायचा, राहिला. पंखावरच्या त्या फळ्या उतरल्या उतरल्या उभ्या राहतात ना, त्या. त्या उभ्या राहिल्या की पंखाची उचल संपते आणि विमानाचं वजन चाकांवर बसतं, मग ब्रेक धरतात. त्या उघडल्या असत्या तर वजनाचा जवळपास ६५ टक्के भाग चाकांवर आला असता, उघडल्या नाहीत म्हणून फक्त १५ टक्के. रनवेला टेकलेलं विमान अजून अर्धवट उडतंच होतं म्हणा. वर ओलं, वर बाजूचा वारा. ब्रेक दाबून काही होईना, रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा जोर उलट दिशेला) जोरात दिला तर या विमानात इंजिनं रडरच्या (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) अगदी जवळ, त्यामुळे रडरवरची हवा तुटते आणि दिशा धरायला जे हत्यार असतं तेच बोथट होतं. विमान डावी-उजवी घसरत पट्टीच्या टोकापलीकडे गेलं, कुंपण तोडून उतारावरून खाली, नदीकाठच्या सखल जागेत अप्रोच लाइट्सचा जो लोखंडी सांगाडा होता त्याच्यावर आदळलं. अकरा माणसं गेली, त्यात कॅप्टनही.

एनटीएसबीने (अमेरिकेची अपघात चौकशी संस्था) कारण लिहिताना वाऱ्याला दोष दिलेला नाही. पहिलं कारण, विमानतळावर जोरदार वादळ आलेलं असताना अप्रोच, म्हंजे उतरण्यासाठी खाली येणं, सोडला नाही. दुसरं, स्पॉयलर उघडलेत की नाही याची खात्री केली नाही. आणि हातभार लावणाऱ्या गोष्टींमध्ये थकवा, ताण, मर्यादेबाहेरच्या क्रॉसविंडमध्येही उतरणं चालू ठेवणं आणि प्रमाणाबाहेर रिव्हर्स.

मला एवढंच म्हणायचंय की वारा विमानाला बाहेर काढत नाही, वाऱ्याच्या आधी चार गोष्टी साचलेल्या असतात. इथे कोणी प्रत्यक्ष उडवणारं असेल तर कृपया लिहा.

---

शेवंता_पुणे

वाचनखूण साठवली. मला विमानाची खूप भीती वाटते तरी एका दमात वाचलं. एक बेसिक प्रश्न, विमान तिरकं येतं आणि मग शेवटी सरळ होतं असे व्हिडिओ असतात ते बघून पोटात गोळा येतो. ते तिरकं येणं नॉर्मल असतं का?

---

कॉकपिटकर

उनाडवारा, छान मांडलंय. मी ए३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे, कंपनीचं नाव घेत नाही, जे लिहितोय ते माझं वैयक्तिक.

शेवंताताई, एकदम नॉर्मल. उलट नाक सरळ रनवेकडे ठेवून आलो तर वारा आख्खं विमान बाजूला वाहून नेईल. म्हणून नाक वाऱ्याच्या बाजूला थोडं वळवायचं, त्याला क्रॅब म्हणतात. विमानाचा प्रवास मात्र सरळ रनवेच्या मधल्या रेषेवरच चालू असतो. तुम्हाला खिडकीतून रनवे दिसायला लागला की समजा क्रॉसविंड आहे.

खरं काम शेवटच्या काही सेकंदात. ए३२० स्वतः उंची बोलतं, फिफ्टी, फॉर्टी, थर्टी. त्या सुमाराला नाक वर घेताना पायाने रडर देऊन नाक रेषेवर आणायचं, त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख अगदी थोडा खाली, कारण रडर दिलं की तोच पंख उचलला जातो आणि विमान वाहायला लागतं. पंख जास्त झुकवला तर टोक किंवा इंजिन जमिनीला लागायची भीती, म्हणून इथे जागा अगदी अरुंद. नाक फार लवकर सरळ केलं तर टेकेपर्यंत वाहून जातो, फार उशिरा केलं तर चाकं तिरकी टेकतात. थोडं तिरकं टेकलं तर चालतं, चाकांचा गिअर तेवढं सहन करतो, पण भरपूर तिरकं आणि वर रनवे ओला असेल तर पुढे कुठे जाईल हे चाकांपेक्षा वारा ठरवायला लागतो.

आणि लोकांना वाटतं चाकं टेकली की झालं. नाही. टेकल्यावर शेपटीचा मोठा उभा पंख वारा पकडतो आणि नाक वाऱ्याकडे वळायला बघतं. वेग आहे तोपर्यंत रडर काम करतं, वेग कमी झाला की रडर दुबळं आणि नाकाच्या चाकाचं स्टिअरिंग अजून पुरतं हाती आलेलं नाही, असा एक मधला टप्पा असतो. बरीचशी विमानं बाजूने बाहेर जातात ती इथे. त्यात विमान तिरकं असताना रिव्हर्स मोठा असेल तर रिव्हर्सची ओढही विमान ज्या दिशेला तिरकं आहे त्या रेषेत लागते, म्हंजे बाजूला घसरणं वाढतं. आम्हाला शिकवलेलं आहे, घसरायला लागलं तर आधी रिव्हर्स आयडलला (अगदी कमीवर) आणा, ब्रेक सोडा, दिशा मिळवा, मग परत थांबवायचं बघा. पुढे पट्टी संपताना दिसत असताना ब्रेक सोडायचा हे सिम्युलेटरमध्येसुद्धा मनाविरुद्ध जातं.

---

चिपीकर

हे तिरकं जाणं आम्हाला नवीन नाही. खाडीतून होडी पलीकडे न्यायची तर समोरच्या धक्क्याकडे तोंड करून कोणी वल्हवत नाही, ओढीच्या वरच्या अंगाला तोंड ठेवायचं आणि बरोबर धक्क्याला लागायचं. 

माझा प्रश्न आमच्या विमानतळाबद्दल. सिंधुदुर्गातला चिपी सुरू झाला ९ ऑक्टोबर २०२१ ला, उंच सड्यावर आहे, एकच रनवे, समुद्र जवळ. पावसाळ्यात वारा असा असतो की छत्री उलटी होते. मग तिथे क्रॉसविंड वाढला की दुसरा पर्यायच नाही ना?

---

निवृत्त_मेटवाला

हवाई दलात हवामान विभागात होतो, आता घरी. दोन गोष्टी सांगतो.

चिपीकर, तुमच्याकडचा रनवे पूर्व-पश्चिम आहे आणि पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेचा, नैऋत्येचा. रनवे बांधताना अनेक वर्षांचे वाऱ्याचे आकडे बघूनच दिशा ठरवतात, जास्तीत जास्त दिवस वारा समोरून मिळावा म्हणून. त्यामुळे नुसता जोराचा वारा वाईट नाही, समोरून आला तर उलट चांगलाच, विमान कमी जागेत थांबतं. त्रास असतो तो सरींबरोबर येणाऱ्या झुळकांचा, ढगाखालचा वारा पाच मिनिटात दिशा बदलतो. पर्याय नाही म्हणाल तर पर्याय असतो, दुसऱ्या विमानतळावर जायचं. तेवढं इंधन घेतल्याशिवाय विमान निघतच नाही.

दुसरं, ज्यांना स्वतः बघायचं आहे त्यांच्यासाठी. विमानतळाचा हवामान रिपोर्ट नेटवर कोणालाही बघता येतो. त्यात वाऱ्याचा आकडा असा असतो, २४०१८जी३०. पहिले तीन अंक वारा कुठून, पुढचे दोन किती नॉट, जी म्हंजे गस्ट, झुळका ३० पर्यंत. मग रनवेची दिशा आणि वाऱ्याची दिशा यातला फरक काढायचा. फरक १५ अंश तर वाऱ्याचा पाव भाग आडवा धरा, ३० अंश तर निम्मा, ४५ तर पाऊण, ६० च्या वर तर जवळजवळ सगळाच आडवा. कॅल्क्युलेटर लागत नाही. एक बारकावा, लिखित रिपोर्टमधली दिशा खऱ्या उत्तरेपासून असते आणि टॉवर तोंडी सांगतो ती होकायंत्राच्या उत्तरेपासून. मुंबईत दोन्हीत फरक नगण्य आहे, पण परदेशात काही ठिकाणी चांगला दहा-पंधरा अंशांचा पडतो.

---

मंदार७९

सगळं ठीक आहे पण शेवटी चूक पायलटचीच ना. २० ची मर्यादा माहीत असताना ३० मध्ये उतरतोस म्हंजे सरळ सरळ बेजबाबदारपणा. यात थकवा बिकवा काय आणायचं, ट्रक ड्रायव्हरला असं माफ करतो का आपण?

---

डॅलसची_मृण्मयी

मंदार, मी गेली बरीच वर्षं डॅलसला आहे त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. एप्रिल ते जून इथली संध्याकाळ म्हंजे वादळांचीच. विमानतळावर बसलेली माणसं रडार ॲप उघडून बसतात, लाल पट्टा सरकतोय, बोर्डवर एकामागून एक डिलेड. अशा वेळी काउंटरवरच्या मुलीवर ओरडणारे लोक मी दर वेळी बघते. कोणाचं कनेक्शन, कोणाची मीटिंग. हा सगळा दाब कुठेतरी वरपर्यंत पोचतच असणार.

आणि यावर अभ्यास झालेला आहे. एमआयटीच्या लिंकन लॅबने इथल्याच, डॅलस-फोर्ट वर्थच्या आसपासच्या विमानांचे मार्ग आणि वादळांचं रडार जुळवून बघितलं होतं. वादळ समोर आल्यावर जवळजवळ तीनातली दोन विमानं त्यातून गेली. आणि जाण्याची शक्यता कधी वाढते, तर विमान लेट असेल, अंधार असेल, पुढचं विमान नुकतंच गेलेलं असेल आणि विमानतळ जवळ आलेला असेल तेव्हा. म्हंजे १४२० च्या पायलटांनी काही जगावेगळं केलं नव्हतं, रोज अनेक जण करत होते ते केलं. बाकीच्यांचं निभावलं. नुसतं त्या दोघांना बेजबाबदार म्हणून सोडून दिलं तर पुढच्या वादळात तिसरे दोघं तेच करतील.

त्या विमानात एका कॉलेजच्या कॉयरची मुलंमुली होती, युरोपहून परत येत होती. त्यांनी त्या अंधारात पावसात जखमी लोकांना बाहेर काढायला मदत केली. 

---

उनाडवारा

मृण्मयी, +१. आणि मंदार, मर्यादा मोडली हे रिपोर्टनेच म्हटलंय, त्याबद्दल वाद नाहीच. पण "का मोडली" हे विचारलं म्हणून पुढे काहीतरी बदलता आलं. स्पॉयलर आर्म झालेत का आणि टेकल्यावर उघडले का हे दोघांनीही बघून मोठ्याने बोलायचं, एकट्याच्या आठवणीवर सोडायचं नाही, हा धडा तिथून पक्का झाला.  माफ करणं हा मुद्दाच नाहीये.

आता दुसरी घटना, जिथे विमान रनवेवरून गेलं नाही. १ मार्च २००८, हॅम्बुर्ग, लुफ्थान्साचं ए३२०, म्युनिकहून आलेलं. एमा नावाचं वादळ. तो व्हिडिओ जगभर फिरला, विमान तिरकं येतंय, सरळ होतंय आणि अचानक डावा पंख खाली जाऊन जमिनीला घासतो. मग क्रूने पूर्ण थ्रस्ट दिला आणि विमान वर. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या रनवेवर, ३३ वर, व्यवस्थित उतरले. कोणालाही काही झालं नाही.

वारा वायव्येचा, साधारण २९०-३०० अंशातून, झुळका ४७ नॉट. मेटवाले काकांच्या पद्धतीने बघा, रनवे २३ ला फरक ६०-७० अंश, म्हंजे जवळजवळ सगळा वारा आडवा. ३३ ला ३०-४० अंश, म्हंजे निम्मा-पाऊण. मग आधीच ३३ का घेतला नाही? कारण २३ वर पूर्ण आयएलएस (रेडिओ लहरींनी दिशा आणि उतार दाखवणारी यंत्रणा) होतं, ३३ वर तितकी सोय नव्हती, आणि इतर विमानं २३ वरच उतरत होती. पुन्हा तेच, पुढचा गेला म्हणून मागचा.

तेव्हा जर्मन पेपरांनी उडवत असलेल्या तरुण फर्स्ट ऑफिसर बाईंवर झोड उठवली. चौकशीत काय निघालं, तर डावं चाक टेकल्या टेकल्या कॉम्प्युटरने विमान जमिनीवर आलं असं समजून पंख सावरायची ताकद कमी केली, आणि ही गोष्ट पायलटांच्या मॅन्युअलमध्ये नीट सांगितलेलीच नव्हती. शिवाय "प्रात्यक्षिकात दाखवलेला क्रॉसविंड" म्हंजे सक्त मर्यादा की नुसती माहिती, यावर पायलटांमध्येच एकवाक्यता नव्हती. झोड उठवणाऱ्यांना हे कुठे माहीत होतं.

---

कॉकपिटकर

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. ए३२० साठी लँडिंगचा आकडा आहे ३३ नॉट, झुळकांसह ३८. चाचणीत तेवढा वारा मिळाला आणि विमान व्यवस्थित उतरलं एवढाच त्याचा अर्थ. बऱ्याच एअरलाइन्स त्यालाच मर्यादा धरतात आणि रनवे ओला असेल, पाणी साचलं असेल, कॅप्टन नवीन असेल तर आकडा अजून खाली आणतात.

पाणी साचण्याबद्दल थोडं, कारण आपल्याकडे क्रॉसविंड आणि पाऊस वेगळे येतच नाहीत. टायरखालून पाणी बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, ॲक्वाप्लेनिंग. त्याचा अंदाजाचा नियम आहे, टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ गुणिले नऊ. २०० पीएसआय धरला तर साधारण १२७ नॉट. आमचा टेकण्याचा वेग त्याच्याच आसपास किंवा थोडा वर असतो. म्हणजे साचलेल्या पाण्यावर पहिले काही सेकंद चाकं आहेत पण रस्ता नाही. म्हणून ओल्या रनवेवर हळुवार, मऊ लँडिंग करायचं नसतं. ठाम टेकायचं, पाणी फोडून टायर खाली बसायला हवा, स्पॉयलर लगेच उघडायला हवेत. पावसात धाडकन उतरलं की प्रवासी म्हणतात काय हा पायलट. त्याने बरोबर केलेलं असतं.

---

सांताक्रूझकर

मुंबईचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं ७३७ मुख्य रनवेच्या टोकापलीकडे चिखलात जाऊन रुतलं. तो पाऊस आठवतोय ना, २ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासात सांताक्रूझला ३७५ मिमी. मुख्य रनवे ५ जुलैपर्यंत बंद. सगळी वाहतूक दुसऱ्या रनवेवर, १४/३२ वर (एकाच पट्टीची दोन टोकं).

आता मेटवाले काकांचं गणित इथे लावा. वारा समजा २४० अंशातून २५ नॉट, अगदी नेहमीचा पावसाळी जोरकस वारा. मुख्य रनवेवर, २७ वर, उतरलात तर फरक ३० अंश, आडवा वारा साडेबारा, कोणालाही त्रास नाही. ३२ वर फरक ८० अंश, सगळाच्या सगळा २५ आडवा. १४ वर फरक १००, आडवा तर आहेच वर थोडा पाठीमागून. शिवाय १४/३२ आखूड, २.९ किमीच्या आत, मुख्य साधारण ३.४ किमी. म्हंजे एक विमान बाहेर गेलं की पुढचे काही दिवस उरलेल्या सगळ्यांना जास्त अवघड लँडिंग करावं लागतं. त्या आठवड्यात शेकडो फ्लाइट रद्द झाल्या, कित्येक अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरूला वळवल्या, आणि टीव्हीवर सगळे विमानतळाला शिव्या घालत होते. मला विचाराल तर त्या दिवसांत ज्या ज्या विमानाने मुंबईवरून तोंड फिरवलं त्यातल्या पायलटांना हात जोडायला हवेत.

---

शेवंता_पुणे

हे वाचून आता कळलं. मागे एकदा मुंबईत उतरताना अगदी खाली आलो होतो, घाटकोपरच्या बिल्डिंगा स्पष्ट दिसत होत्या, आणि एकदम इंजिनाचा प्रचंड आवाज, विमान परत वर. दोन-तीन मिनिटं कोणी काही बोललंच नाही. मागचे एक काका मोठ्याने म्हणाले, "ह्याला उतरवता येत नाही वाटतं." सगळे हसले. मी देवाचं नाव घेत होते. मग कॅप्टन बोलले की रनवे पुरेसा दिसला नाही म्हणून परत प्रयत्न करतोय. तेव्हा काहीतरी मोठा बिघाड झालाय असंच मला वाटलं होतं. शेवटी दुसऱ्या फेरीत छान उतरलो तरी लोक उतरताना क्रूला टोमणे मारत होते.

---

कॉकपिटकर

ताई, त्या दोन-तीन मिनिटांत आत काय चालू असतं सांगतो. गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं) म्हटलं की पूर्ण थ्रस्ट, नाक वर, पंखामागचे फ्लॅप एक पायरी कमी, चढाई दिसली की चाकं आत, परत वर जायचा ठरलेला मार्ग, एटीसीला कळवायचं, इंधन बघायचं, अजून किती वेळ थांबू शकतो, कुठे वळू शकतो. प्रवाशांशी बोलणं या यादीत शेवटी. म्हणून तुम्हाला शांतता वाटते. बिघाड नसतो, शंभर वेळा सराव केलेली गोष्ट असते.

आणि खरी अडचण अशी आहे की ते पुरेशा वेळा केलं जात नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने यावर मोठं काम केलंय. अप्रोच अस्थिर आहे, म्हंजे वेग, उतार, दिशा ठरलेल्या उंचीला जागेवर नाहीत, अशा शंभर वेळांपैकी जेमतेम तीन वेळा पायलट गो-अराउंड करतात. सत्त्याण्णव वेळा उतरतात. बहुतेक वेळा काही होत नाही आणि तेच वाईट, कारण पुढच्या वेळी हिंमत वाढते. बऱ्याच कंपन्यांत गो-अराउंड केल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही असं धोरण आहे, ते चांगलंच आहे. पण मागे दीडशे माणसं, पुढे रनवे दिसतोय, इंधनाचा हिशोब, पुढची फ्लाइट, ड्युटीची वेळ, हे सगळं डोक्यात असतंच. आणि ज्युनिअर असाल तर "गो-अराउंड" हा शब्द कॅप्टनसमोर स्वच्छ, मोठ्याने उच्चारायला छाती लागते. मी ट्रेनिंगमध्ये हे सगळ्यात जास्त घोटलंय.

---

वर्धारोडकर

हे वाचताना ७ ऑगस्ट २०२० चं कोळिकोड आठवल्याशिवाय राहत नाही. तो क्रॉसविंडचा नव्हता, पाठीमागून वारा होता, पण बाकी साखळी तीच. एअर इंडिया एक्सप्रेस १३४४, दुबईहून, कोरोनात परदेशातल्या लोकांना परत आणायचं वंदे भारत मिशन. १९० जण. एकदा उतरायचा प्रयत्न सोडला, मग दुसऱ्या बाजूने, रनवे १० वर, पाऊस, कॅप्टनच्या बाजूचा वायपर चालेना, टेबलटॉप (टेकडीच्या माथ्यावरचा) रनवे आणि जवळपास अर्धी पट्टी मागे गेल्यावर टेकलं. एकवीस माणसं गेली, दोन्ही पायलटही. कॅप्टन दीपक साठे आमच्या नागपूरचे, हवाई दलात विंग कमांडर राहिलेले. आमच्याकडे कितीतरी घरांत त्या रात्री कोणी झोपलं नाही.

चौकशी अहवालाने अस्थिर अप्रोच पुढे चालू ठेवणं आणि सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटल्यावरही तो न करणं, हे लिहिलं आहे. ते वाचायला जड जातं. पण त्याच अहवालात हेही आहे की कोळिकोडला पुरेसे कॅप्टन ठेवलेले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइटही त्यांनाच करायची होती. माणूस किती अनुभवी यावर हे ठरत नाही एवढं मला कळलं.

---

मंदार७९

वर्धारोडकर, वाचलं. ट्रकवाल्याबद्दल आधी जे विचारलं त्यावर माझं मत अजून तेच आहे की मर्यादा ही मर्यादा, पण सकाळच्या फ्लाइटसाठी दुसरा माणूसच नाही ही पायलटची चूक नाही, ती रोस्टर लावणाऱ्याची. त्याचं नाव कधीच बातमीत येत नाही.

अजून एक, टोकापलीकडे गेल्यावर तरी काही सोय करता येत नाही का? लिटल रॉकला तो सांगाडा नसता तर?

---

निवृत्त_मेटवाला

मंदार, चांगला प्रश्न. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पट्टीच्या टोकापुढे ६० मीटरची स्ट्रिप आणि त्यापुढे किमान ९० मीटर मोकळी सुरक्षा जागा लागते, शिफारस २४० ची आहे. जिथे जागाच नाही तिथे अमेरिकेत एक उपाय वापरतात, ठिसूळ काँक्रीटसारख्या ठोकळ्यांचं अंथरूण. विमान त्यावर गेलं की चाकं ठोकळे चुरत आत रुततात आणि विमान थांबतं. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला ऑक्टोबर २०१६ मध्ये, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार माइक पेन्स यांचं विमान असंच थांबलं, एरवी पुढे हमरस्ता होता. आणि दिव्यांचे खांब धक्का लागताच मोडतील असे करतात. लिटल रॉकला पूरक्षेत्र असल्यामुळे तो सांगाडा मजबूत बांधलेला होता, तोच नडला.

पण बाजूने बाहेर जाणाऱ्याला हे ठोकळे उपयोगाचे नाहीत. तिथे पट्टीच्या दोन्ही अंगांची जमीन सपाट, निचरा होणारी, खड्डे-गटारं नसलेली ठेवणं एवढंच हातात. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी रनवेवरचा टायरचा रबर काढणं, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणं, घर्षण मोजणं, ही कामं त्यासाठीच.

---

चिपीकर

काका, धन्यवाद. आता शेवटचा, नवी मुंबईचा विमानतळ झाला, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन. तिथे दोन रनवे होणार म्हणतात, म्हंजे क्रॉसविंडला पर्याय मिळणार?

---

सांताक्रूझकर

नाही ना. तिथले दोन्ही समांतर, पूर्व-पश्चिम. समांतर असल्याने विमानं जास्त हाताळता येतात, सांताक्रूझला एकमेकांना छेदतात म्हणून दोन असूनही एका वेळी एकच चालतो. पण वारा दक्षिणेचा किंवा उत्तरेचा जोरात आला तर नवी मुंबईच्या दोन्ही पट्ट्यांना सारखाच आडवा. तेव्हा सांताक्रूझची १४/३२ कामाला येईल, ती दक्षिणपूर्व-उत्तरपश्चिम आहे.

---

कॉकपिटकर

बरोबर. आणि पावसाळ्यात असा दक्षिणेचा वारा मुख्यतः समुद्रात कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याजवळून जाताना मिळतो, रोजचा नाही. अशा दिवशी आम्ही निघायच्या आधीच जास्तीचं इंधन घेतो, नियमात आहे त्याहून वर, म्हंजे वर गेल्यावर घाई नको. शेवंताताई, तुमचं विमान अशा दिवशी अर्धा तास घिरट्या घालताना दिसलं तर ते त्याच इंधनावर चाललेलं असतं.